लसीकरणाचं कार्ड हरवलंय? वॉर्ड ऑफिसात रांग लावू नका

जून आला की वॉर्ड ऑफिसच्या जन्मदाखल्याच्या रांगेत दोन-तीन आया हमखास शाळेत लागणाऱ्या लसीच्या कार्डासाठी उभ्या असतात. तासाभराने खिडकीतून उत्तर येतं, "ते इथे नाही मिळत." एवढं दारावर लिहून लावायला काय जातं, देव जाणे. लसीची नोंद जिथे सुई टोचली तिथेच असते.

महापालिकेच्या दवाखान्यात किंवा हेल्थ पोस्टवर डोस झाले असतील, तर माता-बाल संरक्षण कार्डाचा एक भाग सिस्टरने फाडून स्वतःकडे ठेवलेला असतो आणि रजिस्टरातही नोंद असते. जन्मदाखला, आईचं ओळखपत्र आणि डोसच्या अंदाजे तारखा घेऊन जा. तारखेशिवाय जुनं रजिस्टर चाळायला कुणी तयार होत नाही. आणि 'आरव' शोधू नका. पहिल्या डोसच्या वेळी बारसंही झालेलं नसतं, त्यामुळे नोंद बहुतेक वेळा 'बेबी ऑफ सुनीता' अशी सापडते.

खासगी डॉक्टरांकडून लेटरहेडवर तारखांसह सही-शिक्का घ्या. त्यात 'एमएमआर' लिहिलेलं असतं आणि शाळेतला क्लार्क 'एमआर' शोधत बसतो. एमएमआरमध्ये गोवर-रुबेला आहेच, वर गालगुंडही आहे, हे त्याला शांतपणे सांगा. यू-विनवर, म्हणजे सरकारच्या लसीकरणाच्या पोर्टलवर, नोंद असेल तर प्रमाणपत्र मोबाइलवरच मिळतं. मात्र नोंदणीला दिलेला नंबर आजीचा होता की मामाचा, ते आधी आठवा.

सगळ्यात जास्त घोळ तारखांचा. बाळाच्या सुरुवातीच्या डोसांचे 6, 10 आणि 14 आठवडे म्हणजे साधारण दीड, अडीच, साडेतीन महिने. सहा महिने नव्हेत. गोवर-रुबेलाचा पहिला डोस 9 ते 12 महिन्यांत, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. 2022 मध्ये मुंबईत गोवंडीकडे गोवरची साथ आली तेव्हा मोहिमेत दिलेला डोस जादाचा होता, तो या दोनांत धरत नाहीत. पाच वर्षांचा डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर तर निम्मे लोक विसरतात. डोस चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेले तेवढे घ्यायचे. ओरडा बसेल या भीतीने घरी बसू नका.

लस सक्तीची आहे का म्हणाल, तर 1880 चा देवी-लसीकरणाचा कायदा 2001 मध्ये रद्द झाला. गोवर-रुबेला मोहिमेबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने 2019 मध्ये पालकांची संमती आणि दुष्परिणामांची माहिती, दोन्हींवर बोट ठेवलं. सिस्टरने चार गोष्टी सांगायच्याच असतात: कोणती लस आणि कशासाठी, काय त्रास होऊ शकतो, पुढची तारीख, आणि कार्ड जपा. गर्दीत पहिल्या दोन राहून जातात. विचारा. डोसनंतर अर्धा तास तिथेच थांबायचं आहे, वेळ आहे.

नवीन कार्ड मिळालं की प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. लॅमिनेट करू नका. परवाच एक आई चकचकीत कार्ड घेऊन आली आणि बूस्टरची तारीख लिहायला पेन चालेना.