तळ्यात शेण टाकायचा वाद नेमका कुठून आला

मासे पाळायच्या तळ्यात शेण खत म्हणून टाकावं की नाही, यावर वाद होतात, तो कसा आला ते सांगतो. चीनमध्ये तुतीच्या बांधावरचा रेशीमकिड्यांचा कचरा नि डुकरांचं शेण तळ्यात जायचं, हे फार जुनं, त्यात शिरत नाही. कोलकात्याच्या पूर्वेला शहराच्या सांडपाण्यावरच मासे वाढवतात, तोही वेगळा विषय. आपल्या कामाचं सुरू होतं 1957 पासून. कटकला इंजेक्शन देऊन कार्पचं (रोहू-कटलासारख्या माशांचं) प्रजनन जमलं, 1959 ला सिल्व्हर कार्प आणि गवत्या मासा बाहेरून आला आणि 1971 पासून मिश्र मत्स्यशेतीचा, म्हणजे एकाच तळ्यात वेगवेगळ्या जातींचे मासे वाढवायचा, देशभर प्रकल्प चालू झाला. त्यात खत हा पायाच, कारण सिल्व्हर कार्प प्लवंगावर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांवर जगतो नि प्लवंग शेणावर. वर्षाला हेक्टरी 10-15 टन शेण, थोडं आधी नि बाकीचं हप्त्याहप्त्याने, कोंबडीखत असेल तर त्याच्या साधारण तिसरा हिस्सा.

मग 80 च्या दशकात तळ्यावरच कोंबड्यांचा नाहीतर बदकांचा खुराडा बांधायची टूम निघाली, म्हणजे खत उचलायची मजुरीच नको. आणि 1988 ला एका मोठ्या विज्ञान नियतकालिकात पत्र छापून आलं की आशियात डुकरं, बदकं नि मासे असे एकत्र पाळले तर फ्लूचे विषाणू डुकरात मिसळून नवी साथ येऊ शकते. मत्स्यवाले चिडले, म्हणाले बहुतेक ठिकाणी डुकरं नि पक्षी एकत्र पाळतच नाहीत. मुळात शंका जनावरं जवळजवळ ठेवण्यावर होती, पण बदनाम झालं शेण! 2006 च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, त्यानंतर कोंबडीखताचं नाव काढलं तरी लोक दचकायचे.

माझ्या मते त्या खुराड्याची खरी अडचण वेगळीच होती. खताचा डोस हातात राहत नाही, ढगाळ हवेतही वरून पडतच राहतं, आणि मग पहाटे ऑक्सिजन उतरला की मासे वर येऊन तोंड उघडतात. विषाणूच्या गदारोळात हे कोणी फारसं बोललंच नाही.

आपल्याकडे भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत गुरं उतरतात, शेण आपोआपच पडतं, तिथे वाद नाही. वाद आहे तो शेततळ्यांचा. 2016 च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर ती भरपूर झाली, पण ज्यात प्लास्टिक अंथरलंय तिथे खाली चिखलच नाही, जुने डोस तसेच लावले तर शेण तळाशी कुजतं नि अमोनिया वाढतो, म्हणून बरेचजण सरळ गोळीखाद्यावर गेलेत. त्याचा खर्च मात्र शेणापेक्षा कितीतरी जास्त.