पार्श्वभूमी : अमेरिकेत कुठे काय पितात, आणि १९३३ चं एक कलम

विस्कॉन्सिनमध्ये बिअर, केंटकीत बर्बन (मक्याची व्हिस्की), यूटात जवळपास कोरडं. ही वाटणी जर्मन स्थलांतरित, मक्याची शेती आणि दारू वर्ज्य मानणारा मॉर्मन धर्म यांच्या खात्यावर टाकली जाते. चूक काही नाही त्यात. पण पेल्यात नेमकं काय आणि किती पडतं, यामागे दारूबंदी उठवणाऱ्या १९३३ च्या घटनादुरुस्तीतलं दुसरं कलम आहे, आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही.

देशव्यापी दारूबंदी १९२० ला लागू झाली, ५ डिसेंबर १९३३ ला उठली. ती उठवायला लागणारी छत्तिसाव्या राज्याची मंजुरी दिली, ती मॉर्मनबहुल यूटाने! दुसऱ्या कलमाने मात्र राज्याचा कायदा मोडून तिथे दारू आणायला मनाई केली. राज्यांना मोकळं रान मिळालं आणि अनेकांनी निर्णय काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मतदारांवर सोडला. आपल्याकडच्या उभ्या-आडव्या बाटलीसारखाच प्रकार.

या कलमाचा अर्थ काय, हा वाद आजही मिटलेला नाही. ज्या राज्यांना कोरडं राहायचंय त्यांच्यापुरतंच हे संरक्षण, असं एक पक्ष म्हणतो. दुसऱ्याच्या मते दारूच्या बाबतीत राज्य हवं ते करू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने १९३६ मध्ये राज्यांना झुकतं माप दिलं. २००५ मध्ये परराज्यातल्या वायनरींशी दुजाभाव चालणार नाही म्हणून बजावलं, तेही पाच विरुद्ध चार मतांनी.

मधल्या काळात राज्यांनी काय काय केलं! मिसिसिपीत १९६६ पर्यंत दारूबंदी होती आणि १९४४ पासून बेकायदा दारूवर करही होता. टेनेसीत जगभर जाणारी व्हिस्की गाळणारी काउंटी स्वतः ‘ड्राय’. साउथ कॅरोलायनात बारवाल्यांना मोठ्या बाटलीतून ओतायला मनाई. विमानात मिळते तसली ५० मिलीची बाटली फोडायची. कॉकटेलला तीन मद्यं लागली, तर तीन बाटल्या. नियंत्रणाच्या नावाखाली तिथलं ड्रिंक देशातल्या सर्वांत कडक ड्रिंकांपैकी एक होऊन बसलं. ही सक्ती २००६ ला संपली.

यूटाच्या किराणा दुकानांत वजनाने ३.२ टक्के अल्कोहोलचीच बिअर मिळे. ओक्लाहोमा, कोलोरॅडो, कॅन्ससने ती अट सोडल्यावर उरलेल्यांसाठी वेगळी बिअर बनवणं कंपन्यांना परवडेना. नोव्हेंबर २०१९ मध्ये यूटाने मर्यादा ४ टक्क्यांवर नेली. मिनेसोटाची किराणा दुकानं तेवढी ३.२ वरच थांबली.