‘पेरेंट’ : मुळात जन्म देणारी

नागीण अंडी घालते, घोणस घालत नाही. घोणशीची अंडी पोटातच वाढतात आणि एका खेपेला ती बहुधा 20 ते 40 जिवंत पिल्लांना जन्म देते. फुरसंही तसंच. याच कुळातल्या युरोपीय सापाला रोमन लोक ‘वीपेरा’ म्हणत. ‘वीवुस’ म्हणजे जिवंत आणि ‘पारेरे’ म्हणजे जन्म देणं, अशी त्या नावाची फोड केली जाते. इंग्रजी ‘व्हायपर’ तिथूनच आला. आपल्या शाळांच्या सूचनाफलकावर रोज दिसणाऱ्या ‘पेरेंट’ची नाळही याच ‘पारेरे’शी जोडलेली आहे.

मराठीत बाई बाळंत होते, गाय विते, कोंबडी अंडी घालते. लॅटिनमध्ये या सगळ्यांसाठी ‘पारेरे’ चालत असे. त्याची दोन रूपं पाहण्यासारखी आहेत. ‘पारिएन्स’ म्हणजे आत्ता प्रसूत होत असलेली. ‘पारेन्स’ हे अधिक जुनं रूप, म्हणजे जिने जन्म दिला ती. शब्दाच्या मुळाशी अशी आई आहे, आणि मला हीच गोष्ट फार मोलाची वाटते. पुढे ‘पारेन्स’ बापालाही लागू झाला. आई असो की बाप, शब्द तोच.

अनेकवचनी ‘पारेन्तेस’चा पसारा मग वाढतच गेला. आई-बाप, मग पूर्वजही. रोममध्ये 13 ते 21 फेब्रुवारीला ‘पारेंतालिया’ पाळत. घरची माणसं शहराबाहेरच्या थडग्यांवर जाऊन फुलं, धान्य, मीठ आणि द्राक्षमद्यात भिजवलेला पाव ठेवत. आपल्याला पितृपक्ष आठवावा असाच हा प्रकार. सैनिकांच्या आणि सामान्यांच्या बोलीत तर कुठल्याही नातलगाला ‘पारेन्स’ म्हणू लागले. इसवी सन 400 च्या सुमारास जेरोम या ख्रिस्ती पंडिताने या वापराची नोंद केली आहे. विद्वानांनी काहीही म्हटलं तरी बोलीच टिकली. स्पॅनिश ‘पारिएन्ते’ आणि इटालियन ‘पारेन्ते’ म्हणजे आजही नातेवाईक. फ्रेंचमध्ये दोन्ही अर्थ नांदतात. इंग्रजीने हा शब्द फ्रेंचकडून घेतला आणि कालांतराने फक्त आई-बापांपुरता ठेवला.

जुना, नेमका अर्थ जपला तो वैद्यकाने. प्रसूतिगृहातल्या केसपेपरवर ‘जी 2 पी 1’ असं लिहिलेलं असतं. ‘जी’ म्हणजे ग्रॅव्हिडा, आत्ताची धरून किती वेळा दिवस गेले ते. ‘पी’ म्हणजे पॅरा, ‘पारेरे’चंच अपत्य. लवकर झालेला गर्भपात पॅरात धरत नाहीत. बाळ जगू शकेल इतके दिवस भरल्यानंतरची प्रसूतीच त्यात येते. जुळी झाली तरी पॅराचा आकडा एकानेच वाढतो, कारण तिथे बाळंतपणं मोजतात, बाळं नव्हेत.