मुंबईतील संस्थानिकांची घरे

मुंबईतील संस्थानिकांची घरे : संस्थानी राजघराण्यांतील मंडळींनी औषधपाण्यासाठी, मोसमापुरती किंवा उतारवयात कायमची राहण्यासाठी मुंबईत बांधलेली वा विकत घेतलेली घरे. मलबार हिल, नेपियन सी रोड, वॉर्डन रोड (आताचा भुलाभाई देसाई मार्ग), कंबाला हिल आणि वरळीचा किनारा हा त्यांचा मुख्य पट्टा. यांतली थोडीच आज मूळ रूपात उभी आहेत.

राजाला निवृत्तीचे वय नसे. गादी सहसा मरेपर्यंतची. त्यामुळे म्हातारपणी राहायचे कुठे, हा प्रश्न राजापेक्षा त्याच्या विधवा आईला, धाकट्या भावांना आणि नावडत्या राणीलाच जास्त पडे. त्यांना राजधानीत एखादा वाडा आणि राजाच्या खासगी खात्यातून नेमणूक, म्हणजे ठरावीक रक्कम, मिळे. ती पुरेशी असेलच असे नाही. मुंबई मात्र ब्रिटिश मुलूख. इथे कोणत्याच संस्थानाची सत्ता नव्हती आणि दरबारी मानपानाचे लोढणेही नव्हते, म्हणून ती सगळ्यांनाच सोयीची. बॅलार्ड पिअरवरून विलायतेची बोट सुटे आणि हिवाळ्यात महालक्ष्मीला घोड्यांच्या शर्यती लागत. राजपीपळ्याच्या विजयसिंहजींसारख्या शौकिनाला एवढे कारण पुरत असे. त्यांच्या ‘विंडसर लॅड’ या घोड्याने तर १९३४ साली इंग्लंडातली एप्सम डर्बीही जिंकली.

परागंदा होऊन आलेल्यांची परंपरा याहून जुनी आहे. इराणच्या शाहाचे जावई आणि किरमानचे माजी सुभेदार हसन अली शाह, म्हणजे इस्माइली पंथाचे धर्मगुरू पहिले आगाखान, बंड फसल्यावर अफगाणिस्तान-सिंधमार्गे हिंदुस्थानात आले आणि अखेर मुंबईत स्थिरावले. माझगावातल्या आगा हॉलमध्ये त्यांचा परिवार आणि लवाजमा राहत असे. १८८१ मध्ये ते वारले. त्यांची कबर माझगावातच, हसनाबाद येथे आहे.

संस्थानिकांचे मुंबईला येणे पुष्कळदा आजारपणातूनच असे. मोठे डॉक्टर इथे, इस्पितळे इथे. राजर्षी शाहू महाराजांचे निधन ६ मे १९२२ रोजी गिरगावातल्या खेतवाडीत ‘पन्हाळा लॉज’मध्ये झाले, तेव्हा ते अवघे ४७ वर्षांचे होते. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड ६ फेब्रुवारी १९३९ रोजी ‘जया महाल’ या आपल्या मुंबईतल्या वास्तूत वारले. शाहूंच्या मानाने त्यांना आयुष्य लाभले. पंचाहत्तरी उलटली होती. बिकानेरचे गंगासिंह (१९४३) आणि ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे (१९६१) यांचाही शेवट याच शहरात झाला. उतारवयासाठी घेतलेली घरे म्हणताना हे ध्यानात ठेवलेले बरे, की यांतल्या काहींना उतारवय लाभलेच नाही.

गादी सोडून उरलेले आयुष्य काढणाऱ्यांत इंदूरचे तुकोजीराव होळकर (तिसरे) ठळक आहेत. जानेवारी १९२५ मध्ये मलबार हिलवर मुंबईचे धनाढ्य व्यापारी अब्दुल कादर बावला यांचा खून झाला. त्यांच्यासोबत असलेली मुमताज बेगम पूर्वी इंदूर दरबारात होती, त्यामुळे धागेदोरे इंदूरपर्यंत पोहोचले. चौकशीला सामोरे जाण्याऐवजी तुकोजीरावांनी १९२६ मध्ये गादी सोडली. त्यानंतर ते पन्नासहून अधिक वर्षे जगले.

१९४८-४९ च्या विलीनीकरणात प्रत्येक संस्थानिकाला आपल्या खासगी मालमत्तेची यादी भारत सरकारकडून मान्य करून घ्यावी लागली. यादीत बसले ते घराण्याचे, उरले ते सरकारचे. मुंबईतला बंगला राजाचा की संस्थानाचा, हे या यादीवर ठरले. विलीनीकरणानंतर सरकारकडून मिळणारे वार्षिक तनखे चालू होते तोवर दूरच्या शहरातले घर, माळी, पहारेकरी आणि कारभारी सांभाळणे झेपत होते. २८ डिसेंबर १९७१ रोजी सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे बंद झाले. प्राप्तिकरातली सवलत उरली ती माजी राजाच्या वापरातल्या एकाच राजवाड्यापुरती. स्वाभाविकच तिचा लाभ गावाकडच्या वाड्याला मिळे. मुंबईतल्या वास्तूचा भार घराण्याच्या खिशावर पडे. पुढे शहरातली मोकळी जमीन किती बाळगायची याला मर्यादा घालणारा १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. इतक्या मोठ्या आवाराची जमीन पडून ठेवणे मग कुणालाच परवडेना.

वाटणीचे भांडण वेगळेच. हिंदू वारसा कायद्याच्या (१९५६) पाचव्या कलमाने संस्थानिकांनी भारत सरकारशी केलेल्या करारानुसार एकाच वारसाकडे जाणारी मालमत्ता त्या कायद्याबाहेर ठेवली. थोरल्याने ती ज्येष्ठाधिकाराने आपली म्हणायची, बहिणींनी आणि धाकट्यांनी वाटा मागायचा, असे दावे मग उभे राहिले. म्हाताऱ्या राजमातेने कुठल्या घरात राहायचे, हे कित्येकदा अशा दाव्यांच्या कागदांवर अवलंबून राहिले.

वरळीचे समुद्र महाल हे या स्थित्यंतराचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. शिंद्यांचा समुद्रकाठचा महाल पाडून तिथे त्याच नावाची उंच इमारत उभी राहिली. घराण्याकडे काही फ्लॅट राहिले. बाकीच्या मजल्यांवर उद्योगपती आले. सरकारवाड्याचे धनी सोसायटीचे सभासद झाले, आणि मेंटेनन्सचे बिल काही मुजरा करून येत नाही.

धनराज महालची गोष्ट जरा निराळी. अपोलो बंदराजवळची ही १९३० च्या दशकातली आर्ट डेको वास्तू हैदराबादच्या धनराजगीर घराण्याची. हे घराणे ‘राजा’ किताबाचे, पण राज्य करणारे नव्हे. ‘आलम आरा’ (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाची नायिका झुबेदा या घराण्यात सून म्हणून आली. सुरतजवळच्या सचिन संस्थानाच्या सिद्दी नवाबाची मुलगी अशी तिची ओळख. पडद्यापासून दूर गेल्यानंतरचे तिचे अखेरचे दिवस याच महालात गेले, आणि सप्टेंबर १९८८ मध्ये तिथेच तिचा मृत्यू झाला. राजघराण्यातल्या बाईचे मुंबईतले म्हातारपण म्हणून सांगावे, तर हेच.

ब्रीच कँडीचे वांकानेर हाऊस मात्र मुंबईकरांना राजामुळे ठाऊक नाही. ते १९३३ मध्ये वांकानेरच्या महाराजांनी बांधले. आराखडा क्लॉड बॅटली यांचा. १९५७ मध्ये अमेरिकन सरकारने ते ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतले आणि त्याचे ‘लिंकन हाऊस’ झाले. पुढे तिथल्या अमेरिकन वाणिज्य दूतावासाच्या व्हिसासाठी पहाटेपासून फूटपाथवर रांग लागे. हातात कागदपत्रांची फाईल, अंगावर ठेवणीतले कपडे. २०११ मध्ये कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात गेले. २०१५ मध्ये सायरस पूनावाला यांनी ही वास्तू ७५० कोटी रुपयांना घेण्याचा व्यवहार जाहीर झाला; पण जमिनीवर केंद्र सरकारच्या संरक्षण खात्याने हक्क सांगितल्याने तो रखडला.