कॅमशाफ्टची अकाली झीज कशी ओळखावी

टर्बो (इंजिनात दाबून जास्त हवा भरणारे यंत्र) असलेल्या गाडीचे पिकअप कमी झाले, चढावर ती धापा टाकू लागली, की पहिला संशय टर्बोवर जातो. तो उतरवून तपासला जातो, कित्येकदा बदललाही जातो आणि गाडी होती तशीच राहते. अशा वेळी दोष कधीकधी इंजिनावरच्या व्हॉल्व्ह कव्हरखाली, कॅमशाफ्टवर असतो. कॅमशाफ्ट म्हणजे कॅम नावाचे उंचवटे असलेला दांडा; हे कॅम हवा आत घेणारे (इनटेक) आणि जळलेला वायू बाहेर सोडणारे (एक्झॉस्ट) व्हॉल्व्ह उघडतात. नेहमीच्या तपासण्यांतून तो सहज निसटतो, म्हणूनच ही झीज मुळातून समजून घ्यायला हवी.

चार स्ट्रोकच्या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक कॅम सेकंदाला २५ वेळा आपला व्हॉल्व्ह उघडतो. कॅमचा निमुळता माथा टॅपेटवरून, म्हणजे कॅमचा दाब व्हॉल्व्हकडे पोहोचवणाऱ्या भागावरून, सरकतो तेव्हा दोघांचा स्पर्श एका अरुंद रेषेपुरताच असतो आणि व्हॉल्व्ह मिटवणाऱ्या स्प्रिंगचा सगळा भार त्या रेषेवर येतो. आश्चर्य वाटेल, पण या जागेला सर्वाधिक त्रास होतो तो इंजिन मंद गतीवर चालू असताना. वेगात फिरणारा कॅम ऑइल सोबत ओढून मध्ये थर राखतो आणि व्हॉल्व्हच्या जडत्वामुळे माथ्यावरचा भारही काहीसा हलका होतो. मंद गतीत या दोन्हींचा आधार नसतो. तेव्हा धातूला वाचवतो तो ऑइलमध्ये मिसळलेल्या झेडडीडीपी या जस्त-फॉस्फरसयुक्त रसायनाचा, मिलिमीटरच्या सुमारे दहाहजाराव्या भागाइतका पातळ पापुद्रा. फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारक असल्यामुळे २००४ साली आलेल्या, अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) एसएम या ऑइल-दर्जात पातळ ग्रेडच्या ऑइलांसाठी त्याची मर्यादा ०.०८ टक्के ठेवली गेली. त्यामुळे गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल वापरणे फार महत्त्वाचे आहे.

टर्बो इंजिनात या पापुद्र्यावर चहूबाजूंनी ताण येतो. सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात, विशेषतः थंडपणी आणि छोट्या फेऱ्यांत, न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरून ते पातळ करते, तर काजळीचे कण तो पापुद्रा खरवडत राहतात. ज्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो तो टर्बोही याच ऑइलवर जगतो. तापलेले इंजिन एकदम बंद केले की त्याच्या बेअरिंगमधले ऑइल करपते आणि त्याची खर पुढे ऑइलच्या बारीक वाटा अडवू शकते. शिवाय अनेक इंजिनांत जास्त दाबाचा इंधनपंपही कॅमशाफ्टच चालवतो. फोक्सवागनच्या पुम्पे-ड्यूझे (प्रत्येक सिलिंडरला पंप आणि इंजेक्टर एकत्र असलेल्या) टर्बोडिझेलमध्ये तर सुमारे २,००० बार दाब निर्माण करणारे इंजेक्टर कॅमशाफ्टवर चालत. त्यांच्या कॅमना जागा देण्यासाठी व्हॉल्व्हचे कॅम अरुंद करावे लागले आणि या इंजिनांसाठी ऑइलचा ५०५.०१ हा वेगळा दर्जा ठरवावा लागला.

आता निदान. केवळ कानावर विसंबू नये, कारण हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबाने आपोआप लांबणारा) टॅपेट कॅमच्या गोल भागावर असताना फट भरून काढतो. माथा झिजला तरी तिथे फट पडत नाही आणि टकटक बरीच उशिरा सुरू होते. सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून गळती पाहणारी लीक-डाउन चाचणीही फसवते, कारण ती व्हॉल्व्ह घट्ट बसतो का एवढेच सांगते, तो किती उघडतो हे सांगत नाही. गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरवरचे आकडे अधिक बोलके असतात: बूस्टचा (टर्बोने भरलेल्या हवेचा) दाब हवा तितका येतो आहे, पण हवेचा प्रवाह कमी आहे, असे दिसले तर टर्बो आपले काम करतो आहे आणि हवा पुढे कुठेतरी अडते आहे. एक्झॉस्टचा कॅम झिजला असेल तर जळलेला वायू बाहेर पडू शकत नाही. इनटेक व्हॉल्व्ह उघडताच तो उलटा येतो आणि इनटेकमधून फट् फट् असा आवाज ऐकू येतो.

खात्री मात्र मोजूनच होते. व्हॉल्व्ह कव्हर काढून डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे काट्याचे मापक) लावावा आणि इंजिन हाताने सावकाश फिरवून प्रत्येक कॅमची उचल, म्हणजे तो व्हॉल्व्हला किती सरकवतो ते, नोंदवावी. समजा, इनटेकच्या तीन कॅमची उचल ९.२ मिलिमीटर भरली आणि चौथ्याची ७.६, तर निदान झालेच. मग टॉर्च हातात घेऊन त्या कॅमकडे नीट पाहावे: निरोगी कॅमवर एकसारखा चकचकीत पट्टा असतो, झिजलेल्याचा माथा बोथट होतो, कडेला नखाला लागणारी धार उभी राहते, पृष्ठभागावर टोचल्यासारखे खड्डे किंवा ओरखडे दिसतात. सपाट टॅपेटच्या तळाशी वाटीसारखा खोलगटपणा असेल, तर झीज बरीच पुढे गेली आहे. एकदा वरचा कठीण थर संपला की आतला मऊ धातू झपाट्याने जातो.

ऑइलच्या प्रयोगशाळेतील तपासणीत लोहाचे वाढते प्रमाण ही आगाऊ सूचना ठरते. मात्र ऑइलमधील धातू मोजणारी नेहमीची वर्णपट चाचणी साधारण ५ ते १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण नीट पकडत नाही, म्हणून जुना फिल्टर कापून, त्याचा कागद उलगडून चुंबक फिरवणे हे मला तितकेच गरजेचे वाटते. झीज सिद्ध झाली तर कॅमशाफ्टबरोबर टॅपेटही नवे घालावेत, कारण जुन्या टॅपेटचा बिघडलेला तळ नवा कॅम लगेच खाऊ लागतो. आणि जोडणीपूर्वी ऑइलपंपाची जाळी व हेडकडे (इंजिनाच्या वरच्या, कॅमशाफ्ट असलेल्या भागाकडे) जाणाऱ्या ऑइलच्या वाटा उघडून साफ कराव्यात.