राज्यघटनेत आपलं कलम सुचवायचं तर काय लागतं? चिलीतली पात्रता, कागदपत्रं आणि सह्यांचं गणित

‘नवी घटना लिहिताना जनतेची मतं मागवली’ हे वाक्य बऱ्याच देशांच्या इतिहासात सापडतं. मागवली म्हणजे नेमकं काय केलं, ते मात्र सहसा कोणी सांगत नाही. अर्ज कुठे भरायचा, सही कोणाची चालायची, ओळखीचा पुरावा कोणता आणि भरलेला अर्ज पुढे कोणाच्या टेबलावर जायचा? चिलीच्या बाबतीत याची उत्तरं चांगली तपशिलात देता येतात, कारण या देशाने २०१६ ते २०२३ या काळात ही खटपट तीनदा केली. पहिल्यांदा बैठका घेतल्या, नंतर दोनदा सह्या गोळा केल्या. घटना मात्र आजही १९८० चीच आहे, पिनोशेच्या लष्करी राजवटीत आलेली आणि नंतर अनेकदा दुरुस्त झालेली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना ‘मग झालं काय’ ही उत्सुकता आड येणार नाही.

बैठकीचा अर्ज, २०१६

राष्ट्राध्यक्ष मिशेल बॅशेले यांच्या काळात पहिला प्रयोग झाला. कोणीही नागरिक आपल्या घरी, शाळेत किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये घटनेवर चर्चा करायला बैठक बोलवू शकत होता. आधी सरकारी पोर्टलवर नोंदणी करायची. किमान १० माणसं हवीत, ३० पेक्षा जास्त नकोत. वयाची अट १४ वर्षं पूर्ण. चिलीचं नागरिकत्वच हवं असंही नव्हतं, देशात राहणारे परदेशी लोकही बसू शकत होते.

विषय चार: मूल्यं, हक्क, कर्तव्यं आणि शासनसंस्था. प्रत्येक विषयात सर्वांनी मिळून सात गोष्टी निवडायच्या आणि त्या का निवडल्या ते लिहायचं. मला यातलं इतिवृत्त फार आवडलं. प्रत्येक मुद्द्यापुढे तीन पर्याय होते: पूर्ण सहमती, अंशतः सहमती, असहमती. म्हणजे भांडण झालं तर तेही कागदावर येणार. आपल्याकडे ग्रामसभेचं प्रोसिडिंग ज्याने वाचलंय त्याला यातला फरक लगेच कळेल. आमच्या गावात एका ठरावावरून खुर्च्या उचलण्यापर्यंत वेळ आली होती. दुसऱ्या दिवशी वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, ‘सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर’. खाली सूचक आणि अनुमोदक, दोघांच्या झोकदार सह्या.

भरलेलं इतिवृत्त पोर्टलवर चढवलं की बैठक हिशेबात धरली जायची. अशा सुमारे ८,००० बैठका झाल्या. त्यांचं सार काढलं गेलं आणि मार्च २०१८ मध्ये, पद सोडायला अवघे काही दिवस उरले असताना, बॅशेले यांनी घटनेचा मसुदा संसदेकडे पाठवला. नव्या सरकारने तो पुढे नेला नाही. बैठकीला गेलेल्या माणसाच्या हातात त्याचं इतिवृत्त तेवढं राहिलं.

कलमाचा अर्ज, २०२१-२२

ऑक्टोबर २०१९ मध्ये सांतियागोच्या मेट्रोचं भाडं ३० पेसोंनी वाढलं आणि शहर पेटलं. राग भाड्याचा कमी, पेन्शन, शिक्षण आणि दवाखान्यांचा जास्त होता. नोव्हेंबरमध्ये पक्षांनी करार केला, २५ ऑक्टोबर २०२० च्या सार्वमतात ७८ टक्के लोकांनी नवी घटना हवी असं सांगितलं, आणि मे २०२१ मध्ये १५५ जणांची घटनासभा निवडून आली. स्त्री-पुरुष संख्येत समतोल राखायचा हा नियम होता, आणि १७ जागा मूलनिवासी समाजांसाठी राखीव होत्या. पहिल्या अध्यक्ष झाल्या एलिसा लोंकोन, मापुचे समाजातल्या भाषातज्ज्ञ.

या सभेने नागरिकाला नुसतं मत मांडायला नाही, तर कलमच लिहून द्यायला सांगितलं. त्यामुळे अर्जाचा बाज बदलला.

पात्रता अशी: वय १६ किंवा जास्त. चिलीचे नागरिक, परदेशात राहणारे चिलीयन आणि चिलीत राहणारे परदेशी, सगळे चालतील. मतदानाचं वय १८ आहे आणि परदेशी माणसाला मत द्यायला ५ वर्षांचं वास्तव्य लागतं. म्हणजे अकरावीतली मुलगी किंवा नुकताच आलेला व्हेनेझुएलाचा कामगार मत देऊ शकत नव्हता, पण कलम सुचवू शकत होता.

कागदपत्रांची यादी वाचून आपल्याकडचा माणूस चक्रावेल. झेरॉक्स नाही, साक्षांकन नाही, प्रतिज्ञापत्र नाही. ओळखपत्रावरचा राष्ट्रीय क्रमांक आणि त्याच कार्डावर छापलेला दस्तऐवज क्रमांक टाकायचा, नाहीतर सरकारी सेवांसाठी एकच असलेल्या पासवर्डने आत शिरायचं. संपलं. क्रमांक दोन का? राष्ट्रीय क्रमांक आयुष्यभर एकच राहतो आणि चार ठिकाणी दिलेला असतो. दस्तऐवज क्रमांक कार्ड हातात असल्याशिवाय सहसा कळत नाही. गल्लीतल्या पुढाऱ्याने मतदारयादी समोर ठेवून सह्या ठोकू नयेत, याचा हा बंदोबस्त.

खरी मेहनत मजकुरात होती. अर्जात आधी प्रश्न काय आहे ते लिहायचं. मग आदर्श परिस्थिती कशी असावी, घटनेत त्यासाठी काय असावं, तुमचा युक्तिवाद काय, हे सगळं वेगवेगळ्या रकान्यांत. शेवटी कलमाची प्रत्यक्ष शब्दरचना, आणि सुचवणारे कोण व हा प्रस्ताव कसा तयार झाला याचा थोडक्यात इतिहास. ‘पाणी सर्वांना मिळालं पाहिजे’ एवढ्याने भागत नव्हतं. पाण्याची मालकी कोणाची, वाटप कोण करणार, आज ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांचं काय, हे कलमात बसवावं लागत होतं. चिलीत पाण्याचे हक्क खाजगी मालमत्तेसारखे विकले जातात, त्यामुळे हा काही निबंधाचा विषय नव्हता.

छाननीत एक महत्त्वाची चाळण होती: चिलीने मान्य केलेल्या मानवी हक्क करारांच्या विरोधात जाणारा प्रस्ताव पुढे जात नसे. चाळणीतून उतरला की तो पोर्टलवर दिसू लागायचा आणि सह्या सुरू.

१५,००० सह्या कशाच्या बरोबरीच्या?

अट दुहेरी होती. किमान १५,००० सह्या, आणि त्या देशाच्या १६ प्रांतांपैकी किमान चार प्रांतांतून आलेल्या. राजधानीतल्या एका विद्यापीठाने आपल्या जोरावर कलम रेटू नये म्हणून दुसरी अट. आणखी एक बारकावा, जो मला सगळ्यात हुशारीचा वाटतो: एका माणसाला जास्तीत जास्त सात प्रस्तावांनाच पाठिंबा देता येत होता. आपल्याकडे सहीचा कागद फिरला की माणूस वर काय लिहिलंय ते न वाचता सही करतो, कारण सहीला पैसे पडत नाहीत. इथे सात संपल्या की संपल्या.

१ फेब्रुवारी २०२२ ला सह्यांची मुदत संपली तेव्हा सुमारे २,५०० प्रस्ताव पोर्टलवर होते आणि त्यातले ७८ उंबरठा ओलांडून गेले होते. बाकीच्यांचं पुढे काही झालं नाही.

आता ७८ मध्ये आलात तर मिळालं काय? तुमचा प्रस्ताव सभासदाच्या प्रस्तावाच्या पंक्तीला बसला, इतकंच. सभासदाला स्वतःचा प्रस्ताव मांडायला ८ ते १६ सभासदांच्या सह्या लागत. म्हणजे बाहेरचे १५,००० लोक म्हणजे आतले आठ. मग तुमच्या प्रतिनिधीला विषय समितीपुढे बाजू मांडायची संधी, समितीत बहुमत आणि मुख्य सभागृहात दोन तृतीयांश. म्हणजे सुमारे १०३ मतं.

सगळ्यात जास्त सह्या मिळवलेल्या प्रस्तावाचं काय झालं ते बघा. नाव होतं ‘कॉन मी प्लाता नो’, आपल्या भाषेत ‘माझ्या पैशाला हात लावायचा नाही’. पेन्शन खात्यातली रक्कम ही ज्याची त्याची मालमत्ता राहावी आणि वारसाला मिळावी, एवढीच मागणी. ६० हजारांच्या वर लोकांनी सही केली. समितीने तो फेटाळला. नियमाने यात काही चूक नव्हती, समितीला तो अधिकार होता. पण ज्याने आपल्या सातातली एक सही तिथे खर्च केली होती त्याला कोणत्या भाषेत हे समजावणार? पुढे मसुद्यावरच्या सार्वमतात ‘नाही म्हणा’वाल्यांच्या प्रचारात पेन्शनचा मुद्दा गाजत राहिला. दुसरीकडे गर्भपाताच्या हक्काच्या प्रस्तावातला आशय मसुद्यात आला आणि त्यावरूनही तेवढीच रणं माजली.

३८८ कलमांचा मसुदा ४ जुलै २०२२ ला तयार झाला. ४ सप्टेंबरला सक्तीचं मतदान झालं आणि जवळपास ६२ टक्के लोकांनी तो नाकारला. मसुदा नुसता लोकसहभागामुळे पडला असं कोणी म्हणत असेल तर ते सोपं करून सांगणं आहे. मूलनिवासींसाठी ‘बहुराष्ट्रीय राज्य’ (एकाच देशात अनेक राष्ट्रसमूह) ही संकल्पना, सिनेट रद्द करून प्रांतांचं सभागृह आणणं, सभेतल्या काही सभासदांचे तमाशे, अशी कारणांची रांग आहे.

दुसरा अर्ज, २०२३

या वेळी दोर आवळलेला होता. पक्षांनी आधीच १२ तत्त्वं ठरवून टाकली, त्यांना हात लावायचा नाही. २४ तज्ज्ञांनी प्राथमिक मसुदा लिहिला. मे महिन्यात निवडून आलेल्या मंडळाने तो हातात घेतल्यावर ७ जून ते ७ जुलै, असा एकच महिना नागरिकांसाठी खुला ठेवला. काम सोपवलं होतं चिली विद्यापीठ आणि कॅथलिक विद्यापीठ यांच्याकडे. सह्यांची अट १०,००० वर आली, चार प्रांतांची अट कायम राहिली आणि एका माणसाला दहा प्रस्तावांना पाठिंबा देता येऊ लागला. मोठा बदल असा, की कोरा कागद मिळत नव्हता. तज्ज्ञांच्या मसुद्यातल्या मजकुरालाच दुरुस्ती किंवा भर सुचवायची. ३१ प्रस्ताव पात्र ठरले. १७ डिसेंबर २०२३ ला सुमारे ५६ टक्के लोकांनी हाही मसुदा नाकारला.

आपल्याकडे १९४८ मध्ये

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मसुदा समितीने फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा सादर केला आणि तो छापून लोकांपुढे ठेवला गेला. ४ नोव्हेंबरला संविधान सभेत तो मांडताना, मसुदा आठ महिने जनतेसमोर आहे, हे बाबासाहेबांनी आवर्जून सांगितलं. अर्जाचा नमुना नव्हता, सह्यांची किमान संख्या नव्हती, पोच मिळेल याची हमी नव्हती. पत्र लिहायचं आणि पाठवायचं. पुढे ज्या ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या आणि ज्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, त्या सभासदांच्या. बाहेरच्या माणसाला आपलं म्हणणं कोणातरी सभासदाच्या तोंडूनच वदवून घ्यावं लागे.

आज एखादं घटनादुरुस्ती विधेयक संसदेच्या समितीकडे गेलं आणि समितीने सूचना मागवल्या, तर वर्तमानपत्रात जाहिरात येते. ती नीट वाचा, कारण मुदत बहुतेक वेळा थोड्याच दिवसांची असते. पात्रतेची अट नाही, ओळखपत्राची प्रत सहसा मागत नाहीत. निवेदनाच्या दोन प्रती टपालाने किंवा ई-मेलने पाठवायच्या. प्रत्यक्ष समितीपुढे बोलायचं असेल तर तसं निवेदनात स्पष्ट लिहायला लागतं. बोलावणं मात्र समितीच्या मर्जीवर. पाठवलेलं निवेदन समितीच्या दप्तराचा भाग होतं आणि गोपनीय मानलं जातं, तेव्हा त्याचा फोटो काढून लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. आणि भाषा जाहिरातीत दिलेली असते, इंग्रजी किंवा हिंदी. मराठीत विचार केलात तरी बसताना एखादा भाषांतर करणारा शेजारी घेऊन बसा.