पार्श्वभूमी : पटावरचा उंट आणि साडेतीन घरांची सांडणी

मे महिन्यात नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका बुद्धिबळ वर्गात मुलांसाठी ‘वेगळे डाव’ नावाचं एक पानी मराठी टिपण निघालं आणि त्यातल्या एका शब्दावरून शिक्षक-पालकांत चांगलीच जुंपली. मोहरं असं : घोडा अडीच घरं जातो, हे साडेतीन जातं. तीन सरळ, एक आडवं, मधे कोणी असलं तर त्याच्या डोक्यावरून. इंग्रजीत त्याला कॅमल म्हणतात. मराठीत उंट म्हणावं, तर आपला उंट पटावर आधीच उभा आहे, तिरका जाणारा. टिपण करणाऱ्यांनी ‘सांडणी’, म्हणजे स्वारीची उंटीण, असं लिहिलं. काहींना हसू आलं. काहींचं म्हणणं, मुलं मोबाइलवर कॅमलच वाचतात, तेच ठेवा. दुसऱ्या प्रतीत दोन्ही शब्द आले आणि दोन्ही बाजू नाराज झाल्या.

हा घोळ आजचा नाही. चतुरंगातले हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ सगळ्यांनी शाळेत ऐकलेले आहेत, ते इथे उगाळत नाही. प्रश्न हत्ती कुठे उभा होता एवढाच आहे. इराणमार्गे अरबांकडे गेलेल्या शतरंजमध्ये कोपऱ्यात रुख, म्हणजे रथ, आणि राजा-वजिराच्या दोन बाजूंना हत्ती. हत्तीला अरबीत ‘अल-फील’. म्हणूनच आपल्या उंटाला स्पॅनिशमध्ये आजही ‘अल्फिल’ म्हणतात आणि रशियनमध्ये तर सरळ ‘स्लोन’, म्हणजे हत्तीच. मॉस्कोतलं पोर ज्याला हत्ती म्हणतं त्याला पंचवटीतलं पोर उंट म्हणतं, आणि पंचवटीतला हत्ती मॉस्कोत होडी होऊन बसतो. बंगालीतही कोपऱ्यात नौकाच आहे.

मग आपला हत्ती कोपऱ्यात गेला कधी? सोपं उत्तर नेहमी दिलं जातं : लढाईतून रथ गेले, त्यांची जागा हत्तीने घेतली आणि हत्तीची उंटाने. ऐकायला पटतं. पण ९व्या शतकातल्या एका अरबी खेळाडूच्या हवाल्याने सांगितलं जातं की हिंदुस्थानातले लोक तेव्हाच हत्ती कोपऱ्यात मांडत आणि तो सरळ रेषेत दोन घरं उडी मारत असे. अरबांचा हत्ती उडी दोन घरांचीच मारे, पण तिरकी. १०३०च्या सुमारास पंजाबकडची माहिती लिहून ठेवणाऱ्या एका प्रवासी पंडिताने तिसरीच चाल दिली आहे : एक घर पुढे किंवा चार तिरक्या दिशांना एकेक घर, सोंड आणि चार पाय मोजल्यासारखं. म्हणजे एक जनावर आणि तीन चाली. ‘मूळ भारतीय नियम हाच’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्याने आधी आपला हत्ती कुठला ते सांगावं.

साडेतीन घरांचं मोहरं हे तरी मोबाइलवाल्यांचं खूळ असेल, असं वाटू शकतं. तेही नाही. १४व्या शतकात तैमूरच्या दरबाराशी जोडला गेलेला एक मोठा पट आहे, ११ बाय १० घरांचा, शिवाय दोन बाजूंना एकेक गढीचं घर, एकूण ११२. त्यावर उंट होता आणि तो नेमका असाच उडत होता. जिराफही होता. तेव्हा दोन उंट आहेत : एक तैमूरकडचा, एक आपला. भांडण भाषांतराचं नाही, दोघांनी एकच नाव घेतल्याचं आहे. माझं मत विचाराल तर सांडणी हा शब्द अचूक बसतो. सांडणीस्वार निरोप घेऊन लांबचा पल्ला गाठायचा, वाटेत कुणाशी थांबायचा नाही. मोहऱ्याची चाल यापेक्षा वेगळी काय आहे?

वजीर आणि उंट पटभर धावायला लागले ते १५व्या शतकाच्या अखेरीला, स्पेनच्या बाजूला. त्याआधी वजीर तिरकं एकच घर सरकणारा बिचारा होता. युरोपात त्याची राणी झाली. आपल्याकडे तो पुरुषच राहिला. आता एकाच घरात आजोबा ‘वजीर वाचव’ म्हणतात आणि नात ‘क्वीन गेली’ म्हणून रडते. त्यानंतर नवी मोहरी बनवणं हा कोडी रचणाऱ्यांचा छंद झाला. १९१३मध्ये नाकतोडा आला : वजिराच्या रेषेत जायचं, पण मधल्या एका मोहऱ्यावरून उडी मारूनच, आणि त्याच्या लगेच पलीकडच्या घरात उतरायचं. आकृतीत तो उलटा वजीर काढतात. १९२०च्या दशकात क्यूबाच्या जगज्जेत्याने हत्ती-घोडा आणि उंट-घोडा अशी जोडमोहरी घेऊन १० बाय ८चा पट सुचवला. तसली मोहरी इटलीत १६१७मध्येच सुचवून झाली होती.

नाशिकच्या वाड्यांत मात्र वेगळे डाव शिकायला वर्ग लागत नव्हता. १९८०च्या दशकात पंचवटीतल्या आमच्या वाड्यात पट ओसरीवर असे आणि नियम आजोबांचे. प्यादं एकच घर पुढे. पहिल्या चालीला मात्र दोन प्यादी एकेक घर. कॅसलिंग, म्हणजे राजा-हत्तीची एकत्र चाल, नाही; राजाला शह बसलेला नसेल तर डावात एकदा घोड्याची अडीच घरं. शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं ज्या घरात पोचलं त्या घराचं मोहरं व्हायचं. उंटाच्या घरात उंट, वजीर मागितला तर पाठीत धपाटा. प्रतिस्पर्ध्याकडे एकटा राजा उरला तर बुर्जी, म्हणजे अर्धीच जीत. आणि प्याद्याने केलेली मात सगळ्यांत मानाची. हे अज्ञानातून आलेले घरगुती नियम आहेत असं आम्हाला पुढे बुद्धिबळाच्या वर्गात एका सरांनी सांगितलं. ते देशी पद्धतीचे अवशेष होते. याच पद्धतीवर वाढलेला पंजाबातला एक खेळाडू विलायती नियम उशिरा शिकला आणि १९२९, १९३२, १९३३ असा तीनदा ब्रिटिश विजेता झाला. हे त्या सरांना माहीत नसावं.

स्पर्धा वाढल्या तसे घरचे नियम आपोआप गेले, आणि एका अर्थी बरंच झालं. वाड्यात दुसरा वजीर हवा असला की हत्ती उलटा ठेवायचा. स्पर्धेत उलटा हत्ती हत्तीच धरला जातो. पहिल्याच शालेय स्पर्धेत मी तो तिरका चालवला आणि पंचांनी हात धरला. त्याच शहरातला एक खेळाडू पुढे ग्रँडमास्टर झाला, २०२४च्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता, म्हटल्यावर उलट्या हत्तीबद्दल फार हळहळण्यात अर्थ नाही.

गंमत अशी की नियम एकसारखे झाल्यावर वरच्या थरातल्या खेळाडूंनाच ते जाचायला लागले. पाठ केलेल्या सुरुवातींना कंटाळून अमेरिकेच्या माजी जगज्जेत्याने, बॉबी फिशरने, जून १९९६मध्ये ब्युनोस आयर्सला मागची रांग चिठ्ठ्या टाकून मांडायचा डाव जाहीर केला. अटी दोनच : उंट वेगवेगळ्या रंगांवर, राजा दोन हत्तींच्या मधे. हिशेब मुलांना फळ्यावर करायला लावावा असा आहे. पांढऱ्या घरावरच्या उंटाला ४ जागा, काळ्यावरच्याला ४, वजिराला उरलेल्यांतून ६, दोन घोड्यांना १० जोड्या, उरलेल्या तीन घरांत हत्ती-राजा-हत्ती एकाच तऱ्हेने. गुणाकार ९६०. नेहमीची मांडणी त्यात ५१८व्या क्रमांकावर आहे. २०१९मध्ये त्याची अधिकृत जागतिक स्पर्धाही झाली. त्यालाही फिशर रँडम, चेस ९६० आणि आता फ्रीस्टाइल अशी तीन नावं आहेत. ‘जगज्जेता’ कुणी म्हणवायचं यावरून संघटनांत झालेलं भांडण आमच्या सांडणीच्या भांडणापेक्षा फार मोठ्या माणसांचं होतं.

कॉलेज रोडच्या वर्गात सध्या सांडण्या घोड्यांच्या जागी मांडतात. वेगळी सोंगटी मिळत नाही म्हणून जुन्या संचातल्या उंटांच्या मानेला लाल दोरा बांधला आहे. तिसऱ्या शनिवारी पांढऱ्यांनी खेळणाऱ्या एका मुलीने डाव मधेच थांबवून विचारलं, ‘सर, माझी डावीकडची सांडणी काळ्या घरात जातच नाही. ही पण उंटच ना मग?’